रोकड तिच्याकडे, सही त्याची

बोट किनाऱ्याला लागली की वसई तालुक्यातल्या अर्नाळा गावात पुरुषांचं काम जवळपास संपतं आणि बायकांचं सुरू होतं. म्हावरं निवडायचं, पापलेट वेगळं काढायचं, बोंबील वलांडीवर वाळत घालायचे, उरलेल्याची पाटी भरून विरार स्टेशन गाठायचं. भावावरून कोळणीशी हुज्जत घालून जिंकलेला व्यापारी मी तरी पाहिलेला नाही. विक्रीचे पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत जातात आणि घरचा हिशेबही तीच बघते. बोटीच्या कागदांवर नाव मात्र बहुधा नवऱ्याचं किंवा मुलाचं.

गेल्या पन्नास वर्षांत हे किती बदललं?

तुलनेला आइसलँड घ्या, तोही मासळीवर जगणारा देश. 24 ऑक्टोबर 1975 ला तिथल्या सुमारे 90 टक्के बायकांनी घरचं आणि बाहेरचं काम बंद ठेवलं. मासळीचे कारखाने ठप्प झाले, पोरं सांभाळताना बापांची तारांबळ उडाली. पाच वर्षांनी विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांच्या मतांनी या पदावर आलेल्या जगातल्या त्या पहिल्याच महिला. त्याच 1980 मध्ये वसईने तारामाई वर्तकांना विधानसभेत पाठवलं. साल एक, पण वाट वेगळी. तिथे बायकांचा संप आधी झाला होता. इथे भाऊसाहेब वर्तकांचं राजकीय घराणं पाठीशी होतं. पुढे वसई-विरार महापालिकेच्या महापौर झालेल्या प्रवीणा ठाकूर या अनेक वर्षं वसईचे आमदार राहिलेल्या हितेंद्र ठाकूरांच्या पत्नी. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत त्याच ठाकूरांना तीन हजारांवर मतांनी हरवणाऱ्या स्नेहा दुबे-पंडित या माजी आमदार विवेक पंडितांच्या कन्या. तिघींचं कर्तृत्व नाकारायचं कारण नाही, पण घराण्याचा दरवाजा आधीच उघडा होता हेही खरं.

घराण्याशिवाय उभं राहिलेलं नेतृत्व या किनाऱ्यालगतच्या भागाला नवं नाही. 1945 च्या वारली आदिवासींच्या उठावात गोदावरी परुळेकर तलासरी-डहाणूचे पाडे पायी तुडवत होत्या. 1986 मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. मच्छीमारांच्या लढ्यातही नॅशनल फिशवर्कर्स फोरमच्या पूर्णिमा मेहेर यांच्यासारख्या बायका कामातूनच पुढे आल्या. डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराविरुद्ध इथल्या मच्छीमार बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. 2024 च्या जूनमध्ये केंद्राने 76,220 कोटींच्या त्या बंदराला मंजुरी दिलीच.

घराणं नाही आणि चळवळही नाही, अशा बाईला खुर्ची दिली ती आरक्षणाने. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली आणि गावच्या कारभारात एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण 50 टक्क्यांवर नेलं. अर्नाळा महापालिकेत गेलं नाही, तिथे ग्रामपंचायतच राहिली. समोरच्या बेटावरच्या अर्नाळा किल्ल्याचीही ग्रामपंचायत वेगळी. त्यामुळे हे आरक्षण दोन्हीकडे दारात आलं. बायकोच्या खुर्चीआडून कारभार करणारा ‘सरपंचपती’ नावाचा प्राणीही त्याच्याबरोबर राज्यभर फोफावला, पण मला त्याचं फारसं भय वाटत नाही. रोज परक्या गिऱ्हाइकाला गप्प करणाऱ्या बाईला एखाद-दुसऱ्या सभेनंतर नवऱ्याची गरज किती उरणार?

वरच्या पायऱ्यांवर मात्र बायकांची गर्दी अजून विरळच. रश्मी शुक्ला या राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक आणि सुजाता सौनिक या पहिल्या महिला मुख्य सचिव, दोघींच्याही नेमणुका 2024 मधल्या. मुख्यमंत्रिपदी बाई अजून बसलेली नाही. संसदेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारा 2023 चा कायदा जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेला आहे.

अर्नाळ्यासारख्या गावात त्याहून जवळची जागा म्हणजे मच्छीमार सोसायटी. डिझेल, बर्फ, कर्ज यांचे निर्णय गावाच्या पोटाशी थेट जोडलेले असतात. सहकार कायद्याने संचालक मंडळात बायकांसाठी 2 जागा राखल्या आहेत. बाजार ज्या पूर्ण पेलतात, त्यांना सोसायटीत दोन! बोटीच्या नोंदणीत बायकोचंही नाव मालक म्हणून घालायला लागलं, तर कर्जाच्या कागदावर सही करायला तिलाही बोलवावं लागेल.