सर्पपालनाचा जोडधंदा : आरंभापूर्वीं कांहीं विचार

गेल्या ज्येष्ठांत दौंड तालुक्यांतील भीमाकांठचे एक परिचित शेतकरी आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. महसूल खात्यांत आमची सारी कारकुनी झालेली, त्यामुळें अर्ज लिहून घेण्यास लोक अजूनही येतात. वारसनोंद किंवा पीककर्ज असें कांहीं काम असेल असें आम्हांस वाटलें. परंतु निघालें भलतेंच. मुलास परदेशी अजगर पाळून त्यांची पैदास करावयाची होती. डब्यांतून ठेवलेले रंगीबेरंगी अजगर व त्यांच्या पिलांस मिळणाऱ्या किमती त्यानें मोबाइलवर पाहिल्या होत्या. वडील म्हणाले, "भाऊसाहेब, दोन म्हशी काढतों, पण पोराच्या हाताला कांहीं काम लागूं द्या." त्या घराचा महिन्याचा खर्च त्या दोन म्हशींच्या दुधावरच चालतो, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वीं या विषयाचा थोडा शोध घेणें आम्हांस प्राप्त झालें. तो शोध अन्य शेतकरी बंधूंसही उपयोगी पडेल या समजुतीनें येथें देत आहों.

प्रथम कायद्याची बाजू. आपल्या देशांतील साप, मग तो विषारी असो वा बिनविषारी, पकडणें, घरांत ठेवणें किंवा विकणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. आपल्या रानांतला अजगर तर त्या कायद्याच्या पहिल्याच अनुसूचींत आहे. परदेशी सापांची गोष्ट वेगळी. कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, व २०२४ सालीं नोंदणीचे नियम निघाले. ज्या परदेशी प्राण्यांचा व्यापार १९७३ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कराराखालीं येतो, ते बाळगणारानें सरकारांत नोंद केली पाहिजे. पुढें पिलें झालीं, जनावर मेलें किंवा दुसऱ्यास दिलें, तर तेंही कळविलें पाहिजे. हा मुलगा ज्याच्या मागें लागला होता तो आफ्रिकेंतील 'बॉल पायथॉन' याच करारांत मोडतो. थोडक्यांत, जनावरालाही सातबारा आला! विकणारा जर कागद दाखविण्यास कांकूं करूं लागला, तर तेथून उठून यावें. मग जनावर कितीही देखणें असो.

आतां जनावराविषयीं. बॉल पायथॉन हा तीन ते पांच फूट लांबीचा, बिनविषारी व स्वभावानें भित्रा साप आहे. भ्याला म्हणजे अंगाचा चेंडू करून डोकें आंत घेतो, म्हणून त्यास हें नांव. मादी वयांत येण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. तोंपर्यंत उत्पन्न शून्य. नंतर एका वेतास साधारण चार ते दहा अंडीं मिळतात, व तीं सुमारें दोन महिने ३१-३२ अंश उष्णतेंत जपावीं लागतात. आपल्या अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून अंगाचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते. या आफ्रिकी सापास ती कला नाहीं. पेटींत यंत्रानें ऊब ठेवावयाची म्हटलें, तर आमच्याकडील विजेचा भरंवसा कोणीं द्यावा? शिवाय खाद्य म्हणजे उंदीर. जन्मभर उंदरांशीं वैर केलेल्या घरांत आतां उंदीरच पोसावयाचे, ही गंमत मुलाच्या आजीस कशी वाटेल तें आम्हीं विचारलें नाहीं.

ज्यास हा नाद प्रामाणिकपणें करावयाचा आहे, त्यानें दहा जोड्यांनीं आरंभ करूं नये. पिंजऱ्यांत जन्मलेलें, नोंद झालेलें एकच जनावर घ्यावें व तें दोन वर्षें नीट सांभाळून दाखवावें. तें वीस-तीस वर्षें जगतें, तेव्हां गिऱ्हाईक न मिळालेल्या पिलांना कोण सांभाळणार हा हिशेब अंडीं घेण्यापूर्वींच मांडावा. कंटाळा आला म्हणून नदीकांठीं सोडून देणें हा मार्गच नव्हे. दुसरी गोष्ट रंगांची. निवड करून काढलेल्या 'स्पायडर' नांवाच्या रंगप्रकारांत डोकें डुलण्याचा व तोल जाण्याचा जन्मजात दोष असतो. तो रंगासवेंच पुढच्या पिढींत उतरतो. अशी पैदास करणें म्हणजे लंगडें वासरूं मुद्दाम निपजविणें होय. आणि नवा रंग पहिल्या वर्षीं महाग, मग ज्याच्या त्याच्या घरीं पिलें झालीं कीं स्वस्त. एमूपालनाचा अनुभव जुना झालेला नाहीं. पक्षी घेणारा पुढच्या शेतकऱ्यासच पक्षी विकत होता. मांसाला व तेलाला गिऱ्हाईक नव्हतेंच. २०१२ च्या सुमारास ती साखळी तुटली, तेव्हां खुराड्यांत उपाशी पक्षी व पासबुकांत कर्ज एवढेंच उरलें.

यापेक्षां मोठी भीति आम्हांस दुसरीच वाटते. परदेशी साप महाग पडतो असें दिसल्यावर माणसाची नजर बांधावरच्या मांडुळाकडे वळते. घोडनदीच्या व भीमेच्या कांठची भुसभुशीत माती त्यास मानवते. शेपटी बोथट असल्यामुळें लोक त्यास दुतोंड्या म्हणतात. गारुडी तर शेपटीवर डाग देऊन तेथें दुसरें तोंड असल्याचें भासवीत. तें अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलें देतें. त्याच्यायोगें गुप्तधन सांपडतें, वजनावर लाखो रुपये मिळतात, अशी आवई उठवून दलाल गांवोगांव फिरतात. आमच्याच कांद्याच्या चाळींत एकदां मांडूळ निघालें, तेव्हां तिसऱ्या दिवशीं एक अनोळखी इसम दुचाकीवरून येऊन "वजन किती भरतें?" म्हणून विचारून गेला. चूक आमचीही होती. शेजाऱ्यांस दाखविण्याच्या हौसेनें आम्हीं तें दोन रात्री पत्र्याच्या पिंपांत ठेवलें होतें. इसम गेल्यावर आम्ही शुद्धीवर आलों व त्याच संध्याकाळीं तें बांधाला सोडलें. त्या दोन रात्रींत कोणी तक्रार केली असती, तर निवृत्तीवेतनाच्या वयांत कोर्टाची पायरी चढावी लागली असती. चाळींत तें आलें होतें तें उंदरांसाठीं.

ओळखण्यांत चूक झाली तर ती जिवावरही बेतते. मांडुळाचा भाऊबंद दुरक्या घोणस बिनविषारी आहे. पण त्याच्या अंगावरील ठिपके पाहून खरी घोणस हातांत धरणारे व खऱ्या घोणशीस अजगराचें पिलूं समजणारे लोक आहेत. घोणस एका वेळीं वीस-चाळीस पिलें देते, तींही पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे ऐन पेरणीच्या गडबडींत. तेव्हां साप घरांत शिरला, तर हात न लावतां वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें.

सापांपासून उत्पन्न मिळूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. तामिळनाडूंत इरुळ जमातीच्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ पासून चालू आहे. सभासद परवान्यानें नाग, मण्यार, घोणस व फुरसें पकडतात, कांहीं आठवडे ठेवून चार वेळां विष काढतात व पुन्हां रानांत सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरील लस तयार होते. त्यांतील मासी सदाइयन व वडिवेल गोपाल यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्या पाठीशीं पिढ्यान्‌पिढ्यांचें ज्ञान होतें; तें मोबाइलवर येत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या बापलेकांस दोन बैठकींत सांगितलें. मुलगा थोडा नाराज झाला, मग एका रविवारीं पुण्यास कात्रजचें सर्पोद्यान पाहून आला. नीलमकुमार खैरे यांनीं १९८६ सालीं तें उभें केलें हें त्यानेंच आम्हांस येऊन सांगितलें. आणि तेथें तासभर एकाच अजगरापुढें उभा होतों, तो एकदांही हालला नाहीं, हेंही सांगितलें. नोंदणीचा कोरा नमुना आमच्या मेजावर अजून तसाच आहे. म्हशी मात्र गोठ्यांत आहेत, व त्यांतली एक श्रावणांत व्याली.