पगार अजून मिळायचाय, हिशेब आधीच

मी सरकारी बँकेत कर्ज खात्यात होतो, बराच काळ तालुक्याच्या शाखेत. बारावीचे निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की टेबलासमोर बाप-लेकांच्या जोड्या बसायच्या. बापाच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला. पोराकडे कॉलेजचं अलॉटमेंट लेटर आणि फीचा तक्ता. बाप सातबारा पुढे सरकवायचा, मी आधी तक्ता ओढायचो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचंच नाही, असा नियम. म्हणजे कर्ज द्यायचं ते पोराच्या अजून न मिळालेल्या पगारावर. कोर्स कोणता, कॉलेज कुठलं, पास झाल्यावर पगार अंदाजे किती, त्यात हप्ता निघेल का, एवढंच बघायचं.

म्हणून ‘ज्याची पुढची कमाई जास्त, त्याला फीही जास्त असावी का’ हा वाद ऐकला की मला गंमत वाटते. भावी कमाईवर शिक्षणाची किंमत आपल्याकडे ठरतेच, फक्त उलटी. आयआयटी, आयआयएमसारख्या संस्थांची बँकांकडे वेगळी यादी असते. तिथल्या मुलाला व्याज कमी आणि मोठ्या रकमेलाही तारण नाही. आडबाजूच्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्या मुलीला व्याज जास्त, वर ‘पुढच्या आठवड्यात या, बघू’. बँकेच्या बाजूने हे बरोबरच आहे. कर्ज थकलं तर जाब मलाच द्यावा लागायचा. पण ज्याला झेपेल त्याला स्वस्त आणि ज्याला झेपणार नाही त्याला महाग, असा हा कारभार.

फीमधल्या सवलती मात्र बापाकडे बघून दिल्या जातात. आयआयटींनी २०१६ साली वर्षाचं शिक्षण शुल्क ९० हजारांवरून २ लाखांवर नेलं, तेव्हा घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण आणि पाच लाखांच्या आत असेल तर दोन-तृतीयांश माफी ठेवली. पोरगा पुढे काय कमावणार, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा कितपत खरा असतो, यावर माझ्यासारख्याने न बोललेलंच बरं.

ऑस्ट्रेलियाने मात्र हा प्रश्न थेट हाताळला. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांच्या आराखड्यावरून १९८९ साली तिथे ‘हेक्स’ योजना आली. वर्षाला १,८०० डॉलर, सगळ्या विषयांना सारखेच. प्रवेशाच्या वेळी ते भरायलाच हवेत असं नाही. पदवीधराचा पगार ठरावीक रेषेच्या वर गेला की कर खातं वसुली करतं. पगार त्याखाली असेल तर हप्ता नाही. पुढे १९९७ मध्ये विषयांचे तीन गट पाडले आणि कायद्याला वैद्यकाच्या जोडीने सगळ्यात महाग गटात बसवलं. कायदा शिकवायला खर्च तो काय? एक वर्ग, एक प्राध्यापक आणि ग्रंथालय. पण वकील कमावतात, म्हणून फी जास्त.

२०२१ मध्ये तिथल्या सरकारने गणित फिरवलं. देशाला नर्स आणि शिक्षक हवेत, म्हणून त्यांची फी वर्षाला ३,९५० डॉलर. इतिहास, तत्त्वज्ञान वगैरेंची १४,५००, थेट कायदा आणि कॉमर्सच्या पंक्तीला. इतिहास शिकणाऱ्याच्या डोक्यावर वकिलाएवढं कर्ज आलं, वकिलाएवढा पगार काही आला नाही. तरीही आवडीचा विषय सोडून मुलं फारशी हलली नाहीत, कारण फी आत्ता खिशातून जातच नव्हती. २०२४ च्या ‘युनिव्हर्सिटीज अकॉर्ड’ अहवालाने ही रचना बदला आणि फी आयुष्यभराच्या संभाव्य कमाईशी जोडा, अशी शिफारस केली.

इथे मी थबकतो. कमाईचे अंदाज मी वर्षानुवर्षं कागदावर मांडले आहेत. एके काळी डी.एड. म्हणजे झेडपीची पक्की नोकरी. लोकांनी त्या प्रवेशासाठी दागिने मोडले. २०१२ नंतर शिक्षकभरती कित्येक वर्षं ठप्प झाली आणि ती पोरं खाजगी शाळांत मिळेल त्या पैशांवर उभी राहिली. वकिलीचंही तेच: एकाच वर्गातला एक मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये, दुसरा तालुका कोर्टाबाहेर ॲफिडेव्हिटवर गुजराण करणारा. दोघांना ‘कमावता विषय’ म्हणून सारखी चढी फी लावायची? विषय बघून पैसे लावायला माझा विरोध आहे. झालेली कमाई बघून घ्यावेत.

त्यातही खाचखळगे आहेत. अमेरिकेत येल विद्यापीठाने १९७१ मध्ये तसा प्रयोग केला: उधार घेतलेल्या दर हजार डॉलरमागे वार्षिक उत्पन्नाच्या ०.४ टक्के द्यायचे, आणि तेही गटाचं सगळं कर्ज फिटेपर्यंत, जास्तीत जास्त ३५ वर्षं. बुडवणाऱ्यांचा भार फेडणाऱ्यांवर पडला, लोक वैतागले, शेवटी विद्यापीठाने उरलेली बाकी सोडून दिली. वसुली करणारा हात कर खात्याचा नव्हता, हे त्यातलं मोठं दुखणं.

आपल्याकडे कर खातं आहे, पण त्याला दिसतात प्रामुख्याने नोकरदार. रोखीने फी घेणाऱ्या डॉक्टरची कमाई कोण मोजणार? शेतीचं उत्पन्न करमुक्त, आणि परदेशी गेलेल्याला तिथून कोण आणणार? ऑस्ट्रेलियाची योजना उचलून आणली तर फॉर्म सोळावालेच तेवढे सापडतील.

तरी एक गोष्ट फीला हात न लावता होण्यासारखी आहे. आज कोर्स संपून एक वर्ष झालं की हप्ता सुरू होतो, नोकरी असो वा नसो. खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर लागलेल्या नर्सला आणि तेवढंच कर्ज घेऊन आयटीत गेलेल्या इंजिनिअरला हप्ता जवळपास सारखाच. तो चुकला की सिबिल बिघडतं, जामीनदार मामाच्या घरी नोटीस जाते. व्याजदर बदलला की हप्त्याचा हिशेब नव्याने मांडायची सोय बँकेत आहेच. तीच सोय पगाराच्या चिठ्ठीवर, निदान पहिली पाच वर्षं, द्यायला काय हरकत आहे? मुदत लांबेल, व्याज थोडं वाढेल, पण खातं थकीत जाणार नाही. आणि वसुलीसाठी कुणा साहेबाला मामाच्या ओट्यावर जाऊन बसावं लागणार नाही.