दुसऱ्या टोकाला किती व्होल्ट पोचतात?

गाडीत दुसरी बॅटरी बसवायची ठरली की सगळी चर्चा बॅटरीभोवतीच फिरते. किती अँपिअर-अवरची घ्यायची, लेड-ॲसिड की लिथियम, वॉरंटी किती वर्षांची? वायरचा नंबर शेवटी लागतो आणि तो बहुतेकदा काउंटरवरच्या एका वाक्यात निकालात निघतो: ४० अँपिअर ना, मग ६ स्क्वेअर एमएम बस झाली. हे वाक्य खोटं नाही. घरगुती वायरिंगच्या तक्त्यात ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर साधारण तेवढा करंट पेलते. पण तो तक्ता फक्त इन्सुलेशन वितळणार नाही याची हमी देतो. पलीकडच्या टोकाला व्होल्टेज किती उरेल, याबद्दल तो गप्प असतो. २३० व्होल्टच्या घरात एखादा व्होल्ट वाटेत सांडला तर कुणाला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टच्या गाडीत तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. म्हणून इथे वायर तापेल का, याआधी दुसऱ्या टोकाला काय पोचेल, हे विचारायला हवं.

हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचाच आहे. तांब्याची एक मीटर लांब, १ स्क्वेअर एमएम जाडीची तार सुमारे ०.०१७२ ओहम रोध करते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तशी झोपायची सोय केलेली एखादी व्हॅन समोर धरू. पुढची बॅटरी बॉनेटखाली, दुसरी मागच्या बाकाखाली, मधलं अंतर ५ मीटर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून हिशेबात १० मीटर धरायचे. बरेच जण नेमके इथेच चुकतात. ६ स्क्वेअर एमएममधून ४० अँपिअर गेले तर १.१५ व्होल्ट वाटेतच जिरतात. १६ स्क्वेअर एमएममध्ये ०.४३, आणि २५ मध्ये ०.२८. तीन टक्के घट चालवून घ्यायची म्हटलं तर मर्यादा ०.३६ व्होल्टची, म्हणजे या गाडीला २५ लागते. ६ आणि २५ यांच्यात चौपट तांबं आहे. इंजिनाच्या धगीत रोध आणखी वाढतो, दर दहा अंशांना जवळपास चार टक्के, ते वेगळंच.

हा एक व्होल्ट गेल्याने बिघडतं काय? लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास व्होल्ट लागतात. अल्टरनेटर १४.३ देत असला तरी पातळ वायरीपलीकडे १३.१ च पोचतात. यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे: बॅटरी भरत आली की ती करंट कमी ओढते, मग वायरीतली घटही आपोआप कमी होते, शेवटी भरतेच ना! भरते, पण गाडी त्यासाठी तासन् तास चालू राहिली तर. दोन मुक्कामांमधला प्रवास दोन-तीन तासांचा असला तर बॅटरी रोज अर्धीमुर्धी भरून रात्रीला सामोरी जाते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट साचत राहतं. रात्री फ्रिजचंही तेच. अर्धी भरलेली बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवते, पण कॉम्प्रेसर उचल खाताना पातळ वायर त्यातला व्होल्ट गिळते, फ्रिजला ११ च दिसतात आणि तो कमी व्होल्टेज म्हणून बंद पडतो. दोष बॅटरीला लागतो आणि चांगली बॅटरी बदलली जाते.

दुसरा आक्षेप डीसी-डीसी चार्जरचा. तो व्होल्टेज स्वतःच वाढवून देतो, मग जाड वायर कशाला? बीएस-६ काळातल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला आपलं व्होल्टेज मध्येच उतरवतो, त्यामुळे हा चार्जर आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. पण तो शून्यातून वीज काढत नाही. आत कमी व्होल्ट मिळाले की भरपाईसाठी जास्त अँपिअर ओढतो, आणि वायरीत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. चार्जर घट लपवतो, एवढंच. तांबं महाग आहे हा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बॅटरी दीड-दोन मीटर पुढे सरकवणं. सगळ्यात महाग पडणारा उपाय म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर, जी गाडीच्या साउंड सिस्टिमच्या तयार किटमध्ये सर्रास येते. तिची १६ म्हणजे खऱ्या तांब्याची जेमतेम १०. एक तार सुरीने खरवडली की आतली पांढरी झाक दिसते.

पण वायर कितीही जाड घेतली तरी खरी गोम जोडात असते. वायरीतली उष्णता दहा मीटरभर पसरते. सैल थिंबलमधली नखाएवढ्या जागेत कोंडते. जोडाचा रोध फक्त ५ मिलिओहम धरा. ४० अँपिअरला तिथे ८ वॅट, आणि इन्व्हर्टरने १०० अँपिअर ओढले तर ५० वॅट. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. थिंबल हातोडीने ठोकून किंवा पकडीने दाबून बसवली की आत तारांमध्ये पोकळी राहते, आणि कोकणातली खारी हवा तिथे शिरली की हिरवा थर धरतो. हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेला जोड कापून पाहिला तर तारा एकजीव झालेल्या दिसतात. सोल्डर पक्कं असतं, असं जुने मेकॅनिक सांगतात. बाकावरच्या ॲम्प्लिफायरसाठी ते खरं आहे. गाडीत मात्र कथील तारांमध्ये वर चढून त्यांना ताठ करतं आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी वायर नेमकी त्या कडेला मोडते. सोडजोड करायची जागा असेल तर अँडरसन कनेक्टर चांगला, दोन्ही अर्धे सारखेच असतात. पण ५० अँपिअरवाल्याच्या पिनेत २५ स्क्वेअर एमएमची वायर मावत नाही. मग कुणीतरी चार तारा छाटून ती बसवतो आणि जाड वायरीचे पैसे तिथेच वाया जातात. मोठा कनेक्टरच घ्यावा. निगेटिव्ह चासीवर दिला असेल तर रंग खरवडून उघड्या धातूवर द्यावा.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून फ्यूजकडे दुर्लक्ष होतं. शॉक लागत नाही हे खरं, पण इन्सुलेशन पत्र्याच्या कडेला घासून फाटलं की बॅटरी हजारभर अँपिअर ओतते आणि वायर निखाऱ्यासारखी लाल होते. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. आणि या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तेव्हा फ्यूजही दोन लागतात. आपल्या उदाहरणात ६०-६० अँपिअरचे. काम झाल्यावर पूर्ण लोड चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन थिंबलमधून बाहेर आलेल्या तांब्याला आणि दुसरी टर्मिनलच्या बोल्टला लावावी. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. ४० अँपिअरला २०० दिसले तर तो वर सांगितलेला ५ मिलिओहमवाला जोड. तो कापून नव्या थिंबलने पुन्हा दाबायचा.