विश्लेषण : जुन्या राउटरमधला ‘जम्पर’ नेमके काय ठरवतो?

नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी. पण ती कोणत्या दोन पिनांवर बसली आहे, यावर जुना राउटर कसा सुरू होणार हे ठरते. भंगारात किंवा सेकंडहँड बाजारात गेलेल्या राउटरमधून जुन्या मालकाची माहिती का बाहेर पडू शकते, याचे उत्तरही याच रचनेत दडलेले आहे.

जम्पर म्हणजे काय?

सर्किट बोर्डवर उभ्या असलेल्या दोन पिनांना जोडणारी, आत धातूची पट्टी असलेली छोटी टोपी म्हणजे जम्पर. टोपी असेल तर जोडणी पूर्ण, म्हणजे १. काढली तर ०. हा बदल हातानेच करावा लागतो आणि वीज गेली तरी तो जसाच्या तसा राहतो.

राउटरमध्ये त्याचे काम काय?

१९९०च्या आसपासच्या सिस्कोच्या ‘एजीएस प्लस’ राउटरमध्ये प्रोसेसर कार्डावर अशा जम्परची रांग असे. तिला ‘कॉन्फिगरेशन रजिस्टर’ म्हणत. त्यात १६ बिट. शेवटच्या चार बिटांवरून राउटरने आपली प्रणाली कुठून उचलायची हे ठरे. पुढे ‘२५००’ मालिकेत हे रजिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आले; आकड्यांचा अर्थ मात्र बराचसा तोच राहिला. षोडशमान पद्धतीतला २१०२ हा नेहमीचा आकडा. त्यातला सहावा बिट चालू केला की तो २१४२ होतो. मग राउटर साठवलेली रचना न वाचताच, पासवर्ड न मागता सुरू होतो.

मग धोका कुठे?

‘न वाचणे’ म्हणजे ‘पुसणे’ नव्हे. जुनी रचना स्मृतीत तशीच असते. कन्सोल पोर्टला केबल जोडून बसलेला माणूस ती नंतर निवांत वाचू शकतो. पासवर्ड विसरलेल्या प्रामाणिक तंत्रज्ञासाठी ठेवलेली ही वाट इतरांनाही खुली आहे. २०२३ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने सेकंडहँड बाजारातून १८ राउटर घेऊन तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक राउटरमध्ये आधीच्या संस्थेची संवेदनशील माहिती सापडली.

जोडणीशी जम्परचा संबंध काय?

काही जुन्या ई-वन कार्डांवर ७५ की १२० ओहम, हे जम्परने निवडावे लागते. को-ॲक्सियल केबलसाठी ७५, पिळलेल्या तारांच्या जोडीसाठी १२०. निवड चुकली तर संकेताच्या व्होल्टेजचा सुमारे २३ टक्के भाग उलटा फिरतो. लाइन कधी चालते, कधी चुका दाखवते आणि दोष मात्र बिचाऱ्या केबलवर येतो.

काम करताना कोणती काळजी घ्यावी?

आधी वीजजोडणी काढावी. अंगातली स्थिर वीज घालवण्यासाठी अर्थिंगचा मनगटी पट्टा वापरावा. मूळ स्थितीचा फोटो काढून ठेवावा. पिन क्रमांक त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच पाहावेत, अंदाजाने नव्हे. काढलेली टोपी एकाच पिनवर अडकवून ठेवली तर जोडणी होत नाही आणि ती हरवतही नाही.

हमखास विसरते ते काय?

काम झाल्यावर रजिस्टर पूर्ववत करणे. २१४२ तसाच राहिला तर आज सगळे सुरळीत दिसते. पण एकदा वीज जाऊन आली की राउटर कोरा उठतो आणि अख्खे कार्यालय बंद पडते. आणि राउटर विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल, तर साठवलेली रचना पुसून, तो पुन्हा सुरू करून, खरोखर कोरा झाला ना हे पाहूनच हातावेगळा करावा.