नावाची शेपटी

मांडव्याच्या धक्क्याला बोट लागते. मुंबईची माणसे उतरतात. त्यांतली पुष्कळजण मोबाइलवर खोली पाहून, पैसे भरून आलेली असतात. ज्या संकेतस्थळावर खोली पाहिली, त्याला पत्ता असतो. पत्त्याच्या शेवटी शेपटी असते. आपल्या देशाची शेपटी ‘डॉट इन’, जपानची ‘डॉट जेपी’. देवनागरीत ‘डॉट भारत’ ही शेपटीही २०१४ सालापासून मिळते.

ही शेपटी कोणाला मिळते? पूर्वी नियम फार कडक होते. २००५ साली दार उघडले. आता शेतकरी, कोळी, बचत गट, कोणीही नाव घ्यावे. परदेशातला माणूससुद्धा घेऊ शकतो! जो आधी मागेल त्याला नाव मिळते. ही नोंद ‘निक्सी’ नावाची संस्था सांभाळते. नाव एक ते दहा वर्षांसाठी मिळते. मुदत संपताना पुन्हा पैसे भरावे लागतात. दुसऱ्याचे नाव लबाडीने घेतले, तर तक्रार करता येते. लवाद ते नाव काढून घेऊ शकतो.

तेव्हा नुसते ‘डॉट इन’ पाहून मालक इथलाच आहे, सच्चा आहे, असे धरून चालू नका.

काही शेपट्या मात्र कुलपात आहेत. ‘जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारला मिळते. ‘बँक डॉट इन’ फक्त बँकांना मिळते. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितले होते.

लबाड माणूस इथेच डाव साधतो. सातबाऱ्याचा सरकारी पत्ता ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असा संपतो. समजा, कोणी महाभूमी आणि जीओव्ही यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ घातली. दिसायला सारखेच, नाही का? पण रेघेचे नाव साधे ‘डॉट इन’ झाले. ते कोणालाही मिळेल. अशा ठिकाणी आधार क्रमांक दिला, पैसे भरले, म्हणजे गेले की हो! म्हणून पत्ता शेवटाकडून वाचावा. पुढे तिरपी रेघ असेल, तर तिच्या अलीकडचा भाग शेवटाकडून पाहावा. सुरुवातीची जोडरेघ मोजू नये.

तुमची खोली भाड्याने द्यायची आहे? मग नाव घ्या. पण नोंद तुमच्याच नावावर करा. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. तो उद्या गाव सोडून गेला, तर मुदतीची आठवण त्याला जाईल, आणि पाटी तुमची उतरेल.