दाढेची नांगी वेळेवर भरा

सभासद बंधूंनो, खोडव्यात नांगी पडली की आपण लगेच भरतो. दाढ किडली तर मात्र ठणका लागेपर्यंत थांबतो अन् शेवटी उपटून टाकतो. आता दाताच्याच रंगाचा मसाला मागच्या दाढांतही बसतो. डॉक्टर कीड कोरून काढतात, दाढ कोरडी ठेवतात, आम्लाने खरबरीत करून चिकटद्रव्य लावतात. मग साधारण २ मिलिमीटरचा एकेक थर देऊन निळ्या प्रकाशाने कडक करतात. काही नव्या मसाल्यांत ४ मिलिमीटरचा थरही चालतो. त्याहून जाड भरला तर तळ कच्चा राहतो; थुंकीची ओल लागली तर मसाला धरत नाही. कीड नसेपर्यंत गेली की नुसतं भरून भागत नाही. म्हणून ठणक्याची वाट न पाहता दाढ दाखवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी