साठ की आठ?

जऊळक्याहून वाशिमच्या अडत्याला फोन लावून ‘साठ पोती सोयाबीन’ म्हणा. त्याला कमी ऐकू येत असेल, तर तिकडे ‘आठ’ पोचू शकतं. दोष एकट्या कानाचा नाही. जुनी फोनलाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचेच ध्वनी पुढे सोडते. ‘स’चा सळसळाट बराचसा त्याच्या वर असतो, तो वाटेतच गळतो. मोबाइलचा एचडी कॉल ७००० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणून तो बरा.

मुळीच ऐकू येत नसेल तर? रॉबर्ट वाइटब्रेख्त या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली टेलिप्रिंटर फोनला जोडून तारेवरून अक्षरंच धाडली. आता व्हिडिओ कॉलवर खुणांची भाषा चालते. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवावा, कारण हात मोकळे हवेत. खिडकी पाठीशी नको; चेहरा काळा पडला की ओठ वाचता येत नाहीत.

बोलणं लगेच अक्षरांत उतरवणारी ॲप्स मराठीतही आहेत. वऱ्हाडीत ‘येऊन रायलो’ म्हटलं की ती गडबडतात, हा माझा अनुभव. आणि ग्रामसभेत सगळे एकदम बोलायला लागले, की यंत्र सोडा, धडधाकट कानांनाही काही उमगत नाही.